चामखिळींसाठी एचपीव्ही चाचणी : सेवा उत्तम, अहवाल अपुरा

जननेंद्रियावरील चामखिळींमागे एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूचा नेमका कोणता प्रकार आहे, हे कळावे म्हणून मी एका खासगी प्रयोगशाळेत चाचणी करून घेतली. नमुना घेणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी आडोसा केला, अनावश्यक प्रश्न विचारले नाहीत आणि पुढे काय करणार ते आधी सांगितले. लाजेपोटी उपचार लांबणाऱ्या या आजारात हे वागणे फार मोलाचे आहे.

अहवालाबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'एचपीव्ही : आढळला नाही' असे छापले होते आणि चामखिळी तर डोळ्यांना स्पष्ट दिसत होत्या. उलगडा झाला तो शेवटच्या पानावरील बारीक अक्षरांत. तपासलेल्या १४ प्रकारांत १६ आणि १८ होते, पण ६ आणि ११ नव्हते. सुमारे ९० टक्के चामखिळी याच दोन प्रकारांमुळे होतात. ही चाचणी मुळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेले, जास्त जोखमीचे प्रकार शोधण्यासाठी बनवलेली आहे, त्यामुळे तिचा निष्कर्ष चुकीचा नसला तरी चामखिळी असलेल्या माणसाची दिशाभूल करणारा ठरतो. जर्मन विषाणूशास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउजेन यांच्या प्रयोगशाळेने १९८० च्या दशकाच्या आरंभीच ६, ११, १६ आणि १८ हे प्रकार वेगळे ओळखले होते आणि त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. इतका जुना भेद अहवालात तळाशी दडलेला असावा, हे मला पटत नाही.

विनंती केल्यावर विस्तृत चाचणी झाली आणि 'प्रकार ६' असे उत्तर आले. त्याने उपचार बदलले नाहीत, कारण त्वचारोगतज्ज्ञांनी निदान नुसत्या पाहणीवरच केले होते आणि संसर्ग कधी किंवा कोणाकडून झाला हे प्रकाराच्या क्रमांकावरून कळत नाही. त्यांनी सुचवलेली सिफिलिसची रक्तचाचणी मला अधिक उपयुक्त वाटली, कारण त्या रोगातील चपटे, ओलसर उंचवटे चामखिळींसारखेच दिसू शकतात आणि त्यांचा उपचार पूर्णपणे वेगळा असतो. चामखीळ काळपट, कडक किंवा जखम झालेली असेल, तर तिचा तुकडा काढून तपासणेच योग्य.

त्यामुळे केवळ चामखिळींसाठी ही चाचणी घ्यावी, असे मी सुचवणार नाही. प्रयोगशाळेने किमान पहिल्या पानावर, निष्कर्षाच्या शेजारीच, 'प्रकार ६ व ११ तपासलेले नाहीत' एवढे वाक्य छापावे, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.