हॉल प्रोब की टँजंट गॅल्व्हानोमीटर?

हॉल प्रोबने, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा आकडा थेट दाखवणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक संवेदकाने, क्षेत्र मोजणं दोन मिनिटांचं काम. इलेक्ट्रोमॅग्नेटच्या ध्रुवांमधल्या अरुंद फटीत तर तोच सर्वांत सोयीचा.

पण शिकायचं असेल तर माझं मत जुन्या टँजंट गॅल्व्हानोमीटरला: तारेच्या उभ्या कॉइलच्या मध्यभागी होकायंत्राची सुई, आणि ती किती वळते यावरून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक काढायचा. कॉइलचं प्रतल उत्तर-दक्षिण लावा, सुई साधारण ४५ अंशांवर येईल इतका प्रवाह सोडा, मग प्रवाह उलटवून पुन्हा वाचन. सुईची दोन्ही टोकं वाचायची असतात, हे निम्मी मुलं विसरतात! शेजारचं लोखंडी स्टूलही उत्तर बिघडवतं. असाच उपद्रव विजेच्या ट्रामचा होणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेला १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय नोंदी सुरू कराव्या लागल्या. तिथे पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. एका गॉसपेक्षा, म्हणजे १०० मायक्रोटेस्लापेक्षा बारीक फरक न दाखवणाऱ्या साध्या हॉल प्रोबला तो दिसतही नाही.