‘मोफत’ मानसिक आरोग्य चाचणीच्या आडून झालेली फसवणूक

नैराश्याची मोफत चाचणी देणाऱ्या एका संकेतस्थळाने आमच्या कुटुंबाकडून पैसे तर उकळलेच, पण माझ्या पुतण्याची चालू औषधे बंद करायला लावून त्याची प्रकृतीही धोक्यात आणली. हे दुसरे नुकसान पैशांपेक्षा कितीतरी गंभीर आहे. घरातल्या माणसासाठी इंटरनेटवर मदत शोधणाऱ्यांना ते कसे घडले हे कळावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पुतण्यावर मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार सुरू होते, परंतु गुण यायला वेळ लागत असल्याने दादा आणि वहिनी काळजीत होते. शोधताना सर्वांत वर दिसलेले संकेतस्थळ ही प्रत्यक्षात जाहिरात होती. तिथल्या नऊ प्रश्नांची उत्तरे वहिनींनी मुलाच्या वतीने भरली आणि निकालाऐवजी ‘अहवाल उघडण्यासाठी शुल्क भरा’ अशी सूचना आली. हे प्रश्न मुळात त्यांचे नव्हतेच. पीएचक्यू-9 या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीतून ते जसेच्या तसे उचललेले होते. ही प्रश्नावली विनाशुल्क वापरता येते, तिची उत्तरे मागील दोन आठवड्यांचा विचार करून रुग्णाने स्वतः द्यायची असतात, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण धरून बेरीज जास्तीत जास्त 27 होते, आणि ती बेरीज म्हणजे निदान नसून पुढील तपासणीची गरज ओळखण्याचे एक साधन असते. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. वहिनींनी त्याला होकारार्थी उत्तर दिले होते, तरीही पडद्यावर कोणत्याही हेल्पलाइनचा क्रमांक आला नाही. आली ती शुल्काची मागणी. याचा मला आजही संताप येतो. नंतर मी सर्व प्रश्नांना ‘अजिबात नाही’ असे उत्तर देऊन पाहिले, तरीही ‘तातडीने उपचार आवश्यक’ असा निकाल मिळाला.

दादांचा विश्वास बसला तो पानाच्या तळाशी असलेल्या प्रमाणपत्राच्या चिन्हामुळे. ते चिन्ह जिनिव्हाच्या हेल्थ ऑन द नेट या संस्थेचे होते. आरोग्यविषयक संकेतस्थळांची पारख करणारी ही संस्था 2022 च्या अखेरीस बंद झाली. तिचे खरे चिन्ह दाबले की संस्थेच्याच पानावरील प्रमाणपत्र उघडत असे. इथे नुसते चित्र चिकटवलेले होते. असे कोणतेही चिन्ह दिसले, तर ज्या संस्थेने ते दिल्याचा दावा आहे तिच्याकडेच जाऊन पडताळणी करावी. तज्ज्ञांच्या बाबतीतही हेच लागू आहे. तिथल्या ‘समुपदेशका’कडे दादांनी नोंदणी क्रमांक मागितला, तेव्हा तो गोपनीय असल्याचे उत्तर मिळाले. नोंदणी ही रुग्णाच्या संरक्षणासाठीच असते आणि ज्याला ती सांगता येत नाही त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच इसमाने गोळ्यांची ‘सवय लागते’ असे सांगून त्या एकदम बंद करायला लावल्या आणि ‘पूर्णतः नैसर्गिक’ अशा कॅप्सूल पाठवल्या. पुतण्याला चक्कर, निद्रानाश आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारख्या संवेदना सुरू झाल्या. नैराश्यावरील अनेक औषधे अचानक थांबवल्यास असा त्रास होऊ शकतो, म्हणूनच डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने कमी करतात. कॅप्सूलमध्ये सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती होती. नैराश्यावरील ठराविक औषधांसोबत ती घेतल्यास शरीरातील सेरोटोनिन या रसायनाचा परिणाम घातक प्रमाणात वाढू शकतो, आणि वहिनींनी घाबरून जुन्या गोळ्या परत सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन केला हे फार बरे झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या मेडलाइनप्लस या जाहिरातमुक्त संकेतस्थळावर या वनस्पतीविषयीचा इशारा कोणालाही वाचता येतो. विक्रेत्याच्या पानावर त्याचा उल्लेखही नव्हता.

पुतण्यावरील उपचार आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूर्ववत सुरू आहेत. दर महिन्याला आपोआप होणारी शुल्कवसुली बँकेला कळवून थांबवता आली, आणि संभाषणांच्या व पावत्यांच्या प्रती जपून ठेवल्याने तक्रारही नोंदवता आली. पुतण्याने कोणाला न सांगितलेल्या गोष्टींची नोंद मात्र अजून त्या लोकांकडेच आहे, आणि ती पुसून टाकण्याच्या आमच्या लेखी मागणीला त्यांनी उत्तर दिलेले नाही.