काउंटरवर एक मॉनिटर, खोक्यात दुसराच

नागपुरात बर्डीवर कॅमेऱ्यासाठी बाहेरचा मॉनिटर घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. तक्रार चालू असल्यामुळे दुकानाचं नाव देत नाही.

लग्नाच्या शूटिंगसाठी मला ७ इंची मॉनिटर हवा होता. फुटाळा तलावावर भर दुपारी प्री-वेडिंग करणाऱ्याला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोकस कळत नाही. उन्हात निदान हजार निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) तरी लागतात. खोक्यावर होतं '४के, २२०० निट्स'. दुकानदाराने काउंटरवरचा पीस दाराशी नेऊन दाखवला, चित्र एकदम लख्ख! मग आतून सीलबंद खोकं आणलं. चालू करून दाखवा म्हटलं तर बॅटरी चार्ज नाही. (डेमो पीस कशावर चालत होता मग? त्याच एनपी-एफ जातीच्या, काढता-घालता येणाऱ्या बॅटरीवर!) 'भाऊ, काही झालं तं आपण इथंच बसलो आहो ना.'

उन्हात नेला तर पडद्यावर मला माझाच चेहरा दिसला.

घरी मोजमाप केलं. ते तुम्हीही करू शकता, वेगळं मीटर लागत नाही. मॉनिटरला लॅपटॉप जोडून कोरं पांढरं पान पूर्ण ब्राइटनेसवर लावा, खोलीत अंधार करा. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, एफ/८. फ्रेममध्ये फक्त पांढरा पडदा. कॅमेऱ्यातल्या मीटरचा काटा १/१२५ शटर स्पीडला शून्यावर आला तर उजेड साधारण हजार निट्स. २२०० चा मॉनिटर १/२५० च्या थोडा पुढे जायला हवा. माझा १/४० वर थांबला, म्हणजे जेमतेम ३२०. हे दुकानातही पाच मिनिटांत होतं; करू देत नसतील तर तिथून निघा.

'४के' हा वेगळाच खेळ आहे. त्याचा अर्थ बहुतेकदा एवढाच की मॉनिटर एचडीएमआयमधून ४के सिग्नल घेतो. पॅनल किती पिक्सेलचं, ते वेगळं विचारायचं. माझ्या पडद्यावर मेनूची बारीक अक्षरंसुद्धा फाटलेली दिसतात. मागचं मॉडेलचं स्टिकर सोलल्यावर खाली दुसरं स्टिकर निघालं.

बिलावर मात्र नुसतं 'एलसीडी मॉनिटर'. मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही. आता भांडताना नेमकी तीच अडचण होते आहे. पैसे देण्याआधी खोकं तिथेच उघडायला लावा, दोन्ही नंबर बिलावर लिहून घ्या, उघडतानाचा व्हिडिओ काढा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी फी लागत नाही, आणि मुदत २ वर्षांची आहे.

काल दुकानदाराचा फोन आला. म्हणे, सील तुम्ही तोडलं, तरी बदलून देतो; फक्त वरचे तीन हजार द्या, आणि तक्रार आधी मागे घ्या.