ॲपमधला डॉक्टर नको, वही भारी आहे

सर्दी, घसा, डोकेदुखी असल्या बारीकसारीक दुखण्यांसाठीचं एक ॲप दोन महिने वापरतेय. नाव नाही सांगत, खाली शिव्या पण घातल्यात म्हणून.

आधी जे आवडलं ते. मागच्या आठवड्यात रात्री पावणेदोनला अंग ठणकायला लागलं, पॅरासिटामॉलची गोळी काढली आणि सवयीने ॲपमधल्या औषधांच्या नोंदवहीत टाकायला गेले तर लाल पट्टी, की साडेअकराला घेतलेल्या सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉलच आहे, अजून चार तास झाले नाहीत. मला खरंच वाटेना. पाकीट उलटं करून टॉर्च मारून ती मुंगीएवढी अक्षरं वाचली, तर 500 मिलिग्रॅम लिहिलेलं! मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर जायचं नसतं, जास्त झालं की लिव्हरची वाट लागते, आणि आपण वेगवेगळ्या नावांनी तेच औषध गिळत असतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे ॲप ठेवलंय.

दुसरं म्हणजे ते धीर धरायला लावतं. सर्दी साधारण आठ-दहा दिवसांत जाते पण मागे राहिलेला खोकला तीन आठवडेही रेंगाळू शकतो, हे रोज दिवस मोजून दाखवतं, नाहीतर मी सहाव्या दिवशीच ॲंटिबायोटिक द्या म्हणून डॉक्टरांच्या डोक्यावर बसले असते, आणि सर्दी व्हायरसची असल्यामुळे त्याचा उपयोग शून्य. दम लागणं, छातीत दुखणं, तापात मान आखडणं असलं काही टाकलं की मात्र बाकी सगळं बंद करून सरळ डॉक्टरकडे जा म्हणतं, हे बरंय.

आता तो सिम्प्टम चेकर, म्हणजे लक्षणं सांगितली की आजार कोणता ते सांगणारा ॲपमधला डॉक्टर. घसा दुखतोय एवढंच सांगितलं तर वीसेक प्रश्न विचारले आणि शेवटी सात आजारांची यादी, त्यात एक असा की माझी झोपच उडाली. नवरा म्हणाला, फोन ठेव, गुळण्या कर. सकाळी घसा बरा. 2015 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय मासिकातल्या एका अभ्यासात असे 23 चेकर तपासून बघितले होते, त्यात बरोबर आजार पहिल्या नंबरवर फक्त 34 टक्के वेळा आला होता. तेव्हापासून तंत्रज्ञान बरंच पुढे गेलं असेल, पण माझं ॲप बहुतेक तिथेच बसलंय.

सगळ्यात मोठी चीड: लेकीच्या तापाला उघडलं तर फक्त वय विचारलं. अरे, डॉक्टर आधी काट्यावर उभं करतात ना तिला, मुलांचा डोस वजनावर काढतात! मग तिच्यासाठी डॉक्टरांनाच फोन लावला. बाकी कॉन्टॅक्ट्सची परमिशन कशाला हवी आणि रात्री तीनला पाणी प्यायलात का हे कोणाला विचारायचंय, देव जाणे, दोन्ही बंद केलं.

तीन स्टार. वजनाचा रकाना आला की चौथा देते.