ग्लुकोमीटर: गुळाच्या पेठेत बसून आठ महिने वापरला, त्याचा अनुभव

मार्चमध्ये ग्लुकोमीटर, म्हणजे घरीच रक्तातली साखर बघायचं मशीन, घेतला, आता नोव्हेंबर लागलाय. रोज नाही पण आठवड्यातनं पाच-सहा वेळा तरी बोट टोचलंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही चांगल्या मशीनला लागू आहे, घेताना खोक्यावर आयएसओ १५१९७ (अशा मशीनच्या अचूकपणाचा आंतरराष्ट्रीय नियम) लिहिलंय का तेवढं बघा. मला २५ स्ट्रिपांसकट (रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्या) किट साडेनऊशेला पडलं.

घ्यायची वेळ का आली ते आधी सांगतो, कारण माझ्यासारखे कोल्हापुरात घरटी एक तरी असतील. गेल्या वर्षी एका प्रदर्शनातनं नैसर्गिक चूर्ण आणलं, १८०० रुपये, विकणारा छातीठोक सांगत होता की शुगरच्या गोळ्या बंद करा, तीन महिन्यात शुगर मुळापासून जाते. मी खरंच गोळ्या बंद केल्या, घरी कुणाला बोललो नाही. रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचो, तोंडाला कोरड पडायची, फोन केला तर म्हणाला शरीरातली घाण बाहेर पडतीय, चांगलं लक्षण आहे, आणि मी ते खरं मानलं. फेब्रुवारीत एचबीएवनसी केली तर ९.१. ही रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी असते आणि ६.५ पासून पुढं मधुमेह धरतात, म्हणजे मी कुठं पोचलो होतो बघा. नंतर कळलं की मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच आपल्याकडं १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. डॉक्टर ओरडले नाहीत, उलट म्हणाले तुम्हाला झाडपाल्यावर विश्वास आहे ना, मग ही मेटफॉर्मिनची गोळी पण मूळची झाडपाल्यावरनंच आलीय, गालेगा नावाच्या वनस्पतीतल्या घटकावरनं शोध लागला आणि १९५७ पासून मधुमेहाला देतात. गोळ्या परत चालू केल्या आणि म्हणाले एक मशीन घ्या, लोकांचं ऐकण्यापेक्षा स्वतःच्या रक्ताचं ऐका.

आता मशीनबद्दल. पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. माझं काम शाहू मार्केट यार्डात, गुळाच्या अडत दुकानात, सकाळी सौदे चालू असले की दिवसभर हात गुळाच्या रव्यांवर, म्हणजे ढेपांवर, कुणी खडा फोडून चव बघायला देतंय, कुणी रंग दाखवतंय. तिथंच गादीवर बसून दुपारच्या जेवणाआधी बोट स्पिरिटच्या कापसानं पुसलं, टोचलं, आकडा आला ३१२. अक्षरशः घाम फुटला. शेजारच्या हमालमामांनी बघितलं आणि म्हणाले, मालक, हात धुवा आधी, बोटं चिकटलीत की. नळावर जाऊन साबणानं हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटातनं घेतलं तर १४६. एका बोटावरच्या गुळानं एवढा फरक. तेव्हापासून नियमच केलाय, साबण-पाण्यानं हात धुतल्याशिवाय टोचायचं नाही. आंबा कापल्यावर, फळं सोलल्यावर पण हेच होतं, हे ध्यानात ठेवा, नुसत्या स्पिरिटवर विसंबू नका.

अचूकपणाचं म्हणाल तर एका सकाळी उपाशीपोटी घरी १३१ आली आणि लगेच लॅबला जाऊन दिली तर तिथं १२२. एवढा फरक चालतो, त्या आयएसओ नियमात १०० च्या वर १५ टक्के इकडं-तिकडं मान्य आहे. म्हणून मी एका आकड्याला घाबरत नाही, आठवड्याच्या वहीकडं बघतो.

आणि या वहीनंच माझं जेवण बदललं. आमच्या पेठेत सगळ्यांचं ठाम मत की साखर वाईट, पण सेंद्रिय गूळ चालतो. मी पण लोकांना हेच सांगून गूळ विकलाय. दोन सकाळी सारखाच नाश्ता ठेवून एकदा साखरेचा चहा घेतला आणि एकदा बिनभेसळीचा, रसायन न घातलेला गूळ घालून, तासाभरानं दोन्हीचे आकडे १९० च्या आसपास, चार-पाचाचा फरक. गूळ म्हणजे पण शेवटी बराचसा सुक्रोजच, म्हणजे साखरेतलाच घटक, त्यात थोडी खनिजं आहेत म्हणून शुगर वाढायची थांबत नाही. माझा धंदा गुळाचा आहे, कोल्हापुरी गुळाला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे त्याचा मला अभिमान आहे, पण शुगरवाल्याला आता मी स्पष्ट सांगतो की तुमच्यासाठी हा नाही.

मिसळीचं ऐका. कट, फरसाण आणि चार स्लाइस ब्रेड खाल्ला की दोन तासांनी २२१. तीच मिसळ उसळ जास्त, फरसाण कमी आणि एकच स्लाइस, तर १७१. तांबडा-पांढरा रस्सा आणि मटण याला मशीन फारसं हलत नाही, भाताचा डोंगर केला की हलतं. शाळूची एक भाकरी, आधी कांदा-काकडी आणि मटणाचे तुकडे, रस्सा, आणि भात शेवटी दोन घास, असं खाल्लं की माझं १६० च्या आत राहतं. हा क्रमाचा प्रकार मला आधी खोटा वाटायचा, पण भाजी आणि प्रथिनं आधी, पीठ-भात नंतर खाल्ला की शुगर कमी चढते हे अभ्यासात पण दिसलंय. अर्थात तेल-खोबऱ्याचं, मिठाचं मशीनला काही कळत नाही, त्यासाठी बीपी आणि कोलेस्टेरॉल वेगळंच बघावं लागतं.

सगळ्यात मोठी कमाल मात्र चालण्याची. रात्री जेवलो की मंगळवार पेठेतनं मिरजकर तिकटीपर्यंत जाऊन यायचं, वीसेक मिनिटं, बास. न चालता दोन तासांनी १९४, तेच जेवण आणि चालून १५२, आणि हे एकदा नाही, दहा-बारा वेळा लिहून ठेवलंय. डॉक्टर म्हणाले स्नायू हलले की ते इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. रविवारी रंकाळ्यावर जातो, ते मनाला बरं वाटतं, पण शुगरला रोजची जेवणानंतरची वीस मिनिटंच जास्त लागू पडली असं माझी वही सांगते. मेथीदाणे भिजवून सकाळी खातो, थोडा उपयोग होत असेल, कारल्याचा रस महिनाभर प्यालो आणि आकड्यात काही दिसलं नाही म्हणून सोडला.

पण या मशीनचं खरं मोल कळलं ते नवरात्रात. अंबाबाईचे नऊ दिवस मी उपवास धरतो, आईच्या वेळेपासनं आहे. पहिल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाऊन दोन तासांनी २४३ आली, म्हणून दुसऱ्या दिवशी शहाणपणा करून सकाळी नुसता चहा घेतला आणि गोळ्या मात्र नेहमीच्या घेतल्या, त्यात मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड पण होती, म्हणजे पोटात अन्न नसलं तरी शुगर खाली ओढणारी गोळी. बारा वाजता यार्डात हिशेबाची पट्टी लिहिताना हात थरथरायला लागला, अक्षर वाकडं येतंय, गार घाम. मला वाटलं उन्हानं असेल. पोरानं पिशवीतनं मशीन काढलं, हात धुवायला लावला, आकडा ६१. सत्तरच्या खाली गेलं की थांबायचं नसतं, लगेच १५ ग्रॅम साखर पोटात जायला पाहिजे. समोर रवा होता, त्यातलाच खडा तोंडात टाकला, पाणी प्यालो. पंधरा मिनिटांनी परत हात धुऊन बघितलं, ८८. मशीन नसतं तर मी तसाच बसून राहिलो असतो. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी ग्लिमेपिराइड बंद केली, म्हणाले उपवास धरायच्या आधी विचारायचं होतं. उपवास करणाऱ्यांनी कृपा करून हे वाचा, गोळी कुठली आहे ते बघा आणि आधी विचारा.

आता तक्रारी. स्ट्रिप महाग पडते, मला एक साधारण १८ रुपयांना, महिन्याला चार-पाचशे जातात, हे ज्याच्याकडं कमी आहे त्याला जड आहे. एका मेडिकलमधनं घेतलेली डबी दोन महिन्यांत एक्स्पायर होणारी निघाली, बदलून द्यायला नाही म्हणाले, तेव्हा तारीख काउंटरवरच बघा. जून-जुलैत आपल्याकडं जी ओल असते त्यात डबीचं झाकण अर्धवट राहिलं आणि आकडे कसेही यायला लागले, पाच-सहा स्ट्रिपा वाया गेल्या. टोचताना बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, कमी दुखतं. आणि एकाची सुई दुसऱ्याला कधीच वापरू नका, घरातल्या माणसाला पण नाही, रक्तातनं कावीळ लागू शकते.

जूनला एचबीएवनसी ७.६ होती, गेल्या आठवड्यात ६.८ आलीय. वजन ८४ वरनं ७७. ब्रिटनमधला २०१७ चा एक अभ्यास डॉक्टरांनी दाखवला, त्यात कडक आहारानं वजन उतरवायच्या गटातल्या ४६ टक्के लोकांची शुगर वर्षाच्या शेवटी गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, पण ती माणसं नवीन निदान झालेली, सहा वर्षांच्या आतली, आणि सगळं देखरेखीखाली. मला अकरा वर्षं झालीत, म्हणून मेटफॉर्मिन चालूच आहे आणि त्याचं मला आता काही वाईट वाटत नाही.

दिवाळीत बायकोला म्हटलं तुझी पण एकदा बघूया. नवीन सुई लावली, ती म्हणाली, अहो मला काय झालंय. उपाशीपोटी ११४ आली. दोनदा बघितली, दुसऱ्या दिवशी ११२. शंभर ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. मी तिला चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये छापलेल्या अभ्यासाचं सांगितलं, अशाच उंबरठ्यावरच्या लोकांनी फक्त चालणं आणि जेवण बदललं तर तीन वर्षांत मधुमेह होणारे सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले. ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासनं रात्री भांडी तशीच ठेवून चप्पल घालते, आम्ही दोघं तिकटीपर्यंत जातो. शनिवारी तिची लॅबची तपासणी आहे.