रेनिन की एरिथ्रोपोएटिन? गर्भातल्या वृक्कावर प्रकल्प निवडताना

पाठ्यपुस्तकात रेनिन आणि एरिथ्रोपोएटिन एकाच दमात 'वृक्काची संप्रेरकं' म्हणून येतात. प्रौढ प्राण्यापुरतं ते ठीक आहे. गर्भात मात्र दोघांच्या जागा वेगळ्या असतात, म्हणून प्रकल्पाचा विषय ठरवण्याआधी त्या नीट पाहून घ्या.

लाल रक्तपेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन गर्भात मुख्यतः यकृतात तयार होतं. मेंढीच्या गर्भातली दोन्ही वृक्कं काढली तरी ते बनतच राहिलं. यकृताचा मोठा भाग काढल्यावर मात्र घटलं. पुढे ही जबाबदारी हळूहळू वृक्काकडे जाते. कोकरू जन्मल्यावर साधारण ४० दिवसांनी हा बदल पुरा होतो. यात एक मेख आहे. कायमचं वृक्क घडण्याआधी मेंढीच्या गर्भात मेसोनेफ्रॉस हे तात्पुरतं वृक्क काम करतं, आणि त्यातही एरिथ्रोपोएटिनचं जनुक जोमाने चालू असतं. उंदराचं मेसोनेफ्रॉस नावापुरतंच असल्याने हा भाग त्याच्यात पाहायला मिळत नाही.

रक्तदाब सांभाळायला मदत करणारं रेनिन वृक्क सोडत नाही, पण वृक्कातल्या वृक्कात जागा बदलतं. मला हेच जास्त मोहात पाडतं. उंदराच्या गर्भाच्या १६व्या दिवसाच्या आसपासचा छेद रेनिनसाठी रंगवून पाहा: मोठ्या धमन्यांच्या भिंतींवर रंग चढलेला दिसतो. प्रौढ उंदरात तोच रंग केशिकागुच्छाच्या (रक्त गाळणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या जुडग्याच्या) तोंडाशी, आत येणाऱ्या धमनिकेच्या टोकाला ठिपक्याएवढा उरतो. गंमत म्हणजे प्रौढ प्राण्याचं मीठ तोडलं आणि सोबत रक्तदाब उतरवणारी एसीई-रोधक औषधं दिली, की धमनिकेच्या वरच्या भागातल्या पेशी पुन्हा रेनिन बनवू लागतात, जणू गर्भातली जागा त्यांच्या लक्षात असते.

हाताशी थोडेच महिने असतील तर मी बेलाशक रेनिन आणि उंदीर घेईन. गर्भकाळ १९-२० दिवसांचा, आणि वृक्काची घडण जन्मानंतरही काही दिवस चालू राहते, त्यामुळे नवजात पिल्लंही उपयोगी पडतात. मेंढीत ती जन्माआधीच संपते. पण एका अवयवाचं काम दुसऱ्याकडे कसं जातं, हाच तुमचा प्रश्न असेल तर मेंढी आणि एरिथ्रोपोएटिनच घ्या, गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असला तरी. मोठ्या गर्भातून पुन्हा पुन्हा रक्त घेता येतं, ही सोय उंदरात नाही.

एरिथ्रोपोएटिन निवडलंत तर त्याच गर्भाच्या यकृताचा नमुना त्याच वेळी घ्या, आणि हात चटचट चालवा: ऑक्सिजन कमी पडला की हे जनुक उसळतं, आणि मग मोजलेला आकडा गर्भाचा की तुमच्या उशिराचा, ते सांगता येत नाही.