टीचर प्लॅनर घेताय? कागद एक नंबर, गोलची (ध्येयांची) पानं मात्र शाळेतल्या बाईंसाठी

कंपनीचं नाव घेत नाही कारण तक्रारी बऱ्याच आहेत, आणि तसेही हे प्लॅनर आता सगळे एकाच साच्यातले येतात, ए फाइव्ह साइज, जाड पुठ्ठा, इलॅस्टिक, पहिल्या पानावर 'स्मार्ट गोल्स', म्हणजे नेमकी, मोजता येणारी, मुदत घातलेली ध्येयं. साडेचारशेला पडला. जांभळी नाक्याला साधी डायरी याच्या निम्म्या किमतीत येते पण मला गोल सेटिंगची आखलेली पानं हवी होती म्हणून ऑनलाइन मागवला.

कागदाला नावं ठेवायला जागा नाही. जेल पेन मागे उमटत नाही, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात बॅगेत राहूनही पानं फुगली नाहीत, हे काही कमी नाही. सपाट उघडतो, त्यामुळे ट्रान्सहार्बर लोकलला बसायला मिळालं की मांडीवर ठेवून रबाळे येईपर्यंत आठवड्याचं पान भरून होतं. बाइंडिंग अजून शाबूत आहे.

आता मुद्द्याचं. मी शनिवार-रविवार संध्याकाळी दिल्लीतल्या अफगाण बायकांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते, पगार वगैरे काही नाही, नोकरी वेगळी आहे. काही जणी 2021 ला काबूल पडल्यावर आलेल्या, काही त्याच्या बऱ्याच आधीपासून इथे. हा प्लॅनर ज्यांनी बनवलाय त्यांच्या डोळ्यासमोर असा वर्ग नव्हता हे तिसऱ्याच पानावर कळतं, कारण तिथे 'पाच वर्षांचं व्हिजन' आहे. कुणाला विचारू हे? भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, वेगळा निर्वासित कायदाही नाही, म्हणजे यांचं इथलं राहणं व्हिसावर नाहीतर यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या कार्डावर, आणि त्यांच्यामार्फत तिसऱ्या देशात जायचं म्हटलं तर जगभरातल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्क्याहून कमी लोकांचा नंबर लागतो. पाच वर्षं सोडा, पुढच्या ईदला कुठे असू हे ज्यांना सांगता येत नाही त्यांना असला प्रश्न विचारणं म्हणजे उगाच जखमेवर मीठ. ते पान मी स्टेपल करून बंद केलंय.

मग येतं महिन्याचं पान. तिथे 'किती युनिट पूर्ण', 'हजेरी टक्के', 'सरासरी मार्क' असे कॉलम. हे सगळे बाईंचे गोल झाले हो, शिकणारीचे कुठायत? स्मार्ट गोल ही कल्पनाच मुळात 1981 मध्ये कंपन्यांच्या मॅनेजरांसाठी मांडलेली, ती शाळेला चिकटवली इथवर ठीक, पण माझ्याकडे एकीला कॅनडात स्पॉन्सरशिपवर जायचंय, दुसरीला मुलाच्या शाळेच्या ग्रुपवरचे इंग्रजी मेसेज वाचायचेत बास, आणि तिसरीला हॉस्पिटलमध्ये दुभाष्याचं काम मिळवायचंय. तिघींना एकच युनिट चार कसं पुरणार? भाषा किती येते ते मोजायच्या कॅनडाच्या लँग्वेज बेंचमार्कच्या 1 ते 12 पायऱ्या आहेत, नागरिकत्वासाठी 18 ते 54 वयात बोलणं आणि ऐकणं या दोन्हीत चौथी पायरी लागते, म्हणजे जाणारीसाठी निबंध लिहिणं आत्ता बाजूला ठेवलं तरी चालतं, तर शाळेचे मेसेज वाचणारीला बरोब्बर उलट.

एक गोल कसा लिहायचा ते सांगते म्हणजे अडचण कळेल. प्लॅनरमध्ये नमुना दिलाय, 'विद्यार्थ्यांचं स्पीकिंग सुधारणे'. माझ्या उपयोगाचा गोल असा, 'काउंटरवर स्वतःचं नाव स्पेलिंगसकट आणि जन्मतारीख न अडखळता सांगणे'. साधं वाटतं ना? पण आमच्या वर्गात काही जणींना आडनावच नाही, फॉर्मवर 'लास्ट नेम' आलं की गाडी अडते. जन्मतारखेचं त्याहून वरताण, त्यांचं कॅलेंडर वेगळं, नवं वर्ष मार्चमध्ये नवरोजला सुरू होतं, आणि नक्की तारीख माहीत नसली की कागदोपत्री सरळ 1 जानेवारी टाकून देतात, त्यामुळे वर्गात निम्म्याजणींचा वाढदिवस एकाच दिवशी! हा एक गोल नीट जमायला एका जणीला एक आठवडा लागला, दुसरीला महिना गेला. प्लॅनरमध्ये मात्र आठवड्याच्या शेवटी टिक करायचा एकच चौकोन, केलं किंवा नाही केलं. मदत घेऊन केलं, फोनवर नाही जमलं पण समोरासमोर जमलं, हे लिहायचं कुठे?

आणि चाळिशीतल्या ताई असतात त्यांचं तर वेगळंच. त्यांची शाळेची वर्षं नेमकी 1996 ते 2001 मध्ये आली, तालिबानच्या पहिल्या राजवटीत, मुलींना शाळाच बंद. त्यांना पेन धरून डावीकडून उजवीकडे लिहिणं हाच गोल आहे. ए वन, ए टू या भाषा मोजायच्या युरोपच्या सुरुवातीच्या लेव्हलही त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावरच्या, हे आता युरोपवाल्यांनाही पटलंय, कौन्सिल ऑफ युरोपने 2022 मध्ये अशा कमी शिकलेल्या स्थलांतरित प्रौढांसाठी लासलियाम नावाची वेगळी गाइड काढली आणि त्यात ए वनच्या खालच्या बारीक पायऱ्या दिल्यात. प्लॅनरच्या मागे लेव्हलचा तक्ता छापलाय त्यात हे काहीच नाही, सुरुवात थेट ए वनपासून.

'स्टुडंट डिटेल्स' हे पान मी कोरंच ठेवलंय आणि तुम्हीही ठेवा. नाव, पत्ता, फोन, घरातली माणसं, सगळं विचारलंय. निर्वासित माणसाची ही माहिती लिहिलेली डायरी लोकलमध्ये राहिली तर? बाकी पानांवर मी नावाऐवजी फक्त अनुक्रमांक टाकते.

शेवटी काय केलं, प्रत्येकीसाठी एकेक पान स्वतः आखलं. वर तिच्या तोंडचा गोल, खाली 'मदतीने', 'एकटीने', 'बाहेर वापरलं' असे तीन रकाने आणि बाहेर कुठे वापरलं त्याला एक ओळ. तो शेवटचा रकाना भरला की कळतं शिकवलेलं लागलं म्हणून, वर्गात तर सगळ्या हो हो म्हणतात. गोल त्यांच्या दरी भाषेतही लिहिलाय (ती उजवीकडून डावीकडे लिहितात), आमच्यातल्या एका सहकारी मुलीने लिहून दिला. या पानांच्या वह्या करायला दिल्या तेव्हा कोपरीतल्या झेरॉक्सवाल्या काकांनी ती अक्षरं बघून आपणहून विचारलं की वही उजवीकडून उघडणारी बांधू का, त्यांचे वडील सिंधी तशाच लिपीत वाचायचे, फाळणीनंतर कल्याण कॅम्पात म्हणजे आताच्या उल्हासनगरात आलेले. इंग्रजीची वही म्हणून डावीकडूनच बांधून घेतली, वर बाण छापला, आणि कुरियरने दिल्लीला पाठवल्या. स्पायरलसकट सगळ्या वह्यांचा खर्च प्लॅनरपेक्षा कमी आला!

पाचात अडीच स्टार देते, ते पण कागदाचे. शाळेत किंवा क्लासमध्ये एकच पुस्तक शिकवणाऱ्यांनी खुशाल घ्या, त्यांचं काम होईल. मोठ्या माणसांना, त्यातून घर सोडून आलेल्यांना शिकवत असाल तर दिवसाची पानं तेवढी चांगली आहेत, मी अजून वापरते, आज मी किती बोलले आणि त्या किती बोलल्या एवढंच वर्गाच्या दिवशी लिहिते. फक्त मागवताना डेटेड की अनडेटेड ते बघा, मला डेटेड आला, जूनपासूनचा, आणि आमचा वर्ग नवरोजनंतर सुरू होतो. अनडेटेड पन्नास रुपये महाग आहे, तोच घ्या.